कालचा हुकूम आज का फिरतो?

२००९ सालच्या पावसाळ्यात, स्वाइन फ्ल्यूच्या साथीत, पुणे शहरात ज्यांचे वास्तव्य होते, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात एक कोडे तेव्हापासून तसेच राहिले असावे. जून महिन्यात परदेशाहून परतलेल्या एखाद्या मनुष्यास नुसता ताप-खोकला झाला, तरी आरोग्य खात्याची माणसे त्याचा पत्ता काढीत, त्याच्या घशातील स्रावाचा नमुना घेत, त्याला महानगरपालिकेच्या नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयात नेऊन ठेवीत, आणि त्याच्या घरच्यांना व सहवासातील इतरांना प्रतिबंधक औषध सुरू करून दहा दिवस नजरेखाली ठेवीत. आणि पुढे दोन महिन्यांच्या आतच, रोग घरोघर जाऊन पोहोचल्यावर, तेच खाते ताप-खोकल्याने बेजार होऊन दारी आलेल्या नागरिकास 'तपासणीची आवश्यकता नाही, घरी जाऊन विश्रांती घ्या' असे सांगू लागले. रोग थोडा होता तेव्हा एवढी धावपळ, आणि रोग बोकाळला तेव्हा ही बेफिकिरी, असा याचा सरळ अर्थ पुष्कळांनी लावला व त्याबद्दल सरकारला बोलही लावले. वस्तुतः हे दोन्ही हुकूम आपापल्या काळी रास्तच होते. दोष द्यावयाचाच तर तो पहिल्या हुकुमावरून दुसऱ्यावर येण्यास जो विलंब लागला, आणि तो बदल लोकांस नीट समजावून देण्यात जी कसूर झाली, त्यांस द्यावा लागेल. हे पटण्यासाठी मात्र या साथीचा विषाणू वागतो कसा, हे मुळापासून पाहिले पाहिजे.

आठ पानांची पोथी

एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको देशात व अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतात ज्या विषाणूचा प्रथम पत्ता लागला आणि ज्याच्या रोगास लोकांनी 'स्वाइन फ्ल्यू' असे नाव दिले, त्याचे कूळ नेहमीच्या इन्फ्लुएंझाचेच. मग दरवर्षीच्या फ्ल्यूची जे फारशी पर्वा करीत नाहीत, तेच लोक या नव्या भावंडाच्या आगमनाने का हादरले?

आपल्याकडे जुन्या घरांत देव्हाऱ्याशेजारी लाल रुमालात बांधलेली पोथी असे, आणि तिची पाने शिवलेली नसून सुटीच एकावर एक रचलेली असत. इन्फ्लुएंझाच्या विषाणूचा आनुवंशिक मजकूर असाच आठ सुट्या पानांवर लिहिलेला असतो. विषाणू आपल्या श्वसनमार्गातील पेशीत शिरला म्हणजे त्या पेशीच्याच साधनसामग्रीवर या पोथीच्या असंख्य नकला उतरविल्या जातात; परंतु हा नक्कलनवीस कमालीचा उतावळा, आणि उतरविलेला मजकूर मुळाशी ताडून पाहण्याचा शिरस्ता त्याच्या दप्तरी नाही. त्यामुळे दर नकलेत काना-मात्रेच्या चुका पडत जातात, आणि वर्ष-दोन वर्षांत मजकूर इतका पालटतो, की गतवर्षीच्या आजारात आपल्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे, म्हणजे त्या विशिष्ट विषाणूस ओळखून त्याला निकामी करणारी प्रथिने, त्याला अर्धवटच ओळखतात. फ्ल्यू माणसाला आयुष्यात पुन्हा पुन्हा होतो तो यामुळे.

यापेक्षा मोठी उलथापालथ क्वचितच घडते. डुकराच्या श्वसनमार्गातील पेशींना पक्ष्यांचे व मनुष्याचे असे दोन्ही प्रकारचे विषाणू चिकटू शकतात. आणि एकाच पेशीत दोन निरनिराळ्या पोथ्या एकाच वेळी सुटल्या, म्हणजे परत रुमाल बांधतेवेळी एकीची काही पाने दुसरीत जातात. २००९ च्या विषाणूची सहा पाने उत्तर अमेरिकेतील डुकरांत पूर्वीपासून फिरणाऱ्या एका मिश्र विषाणूची होती, ज्यात पक्षी, मनुष्य व डुक्कर या तिघांचेही अंश आधीच एकवटलेले होते, आणि उरलेली दोन युरोप-आशिया खंडांतील डुकरांच्या विषाणूची. असा ग्रंथ मनुष्यजातीने पूर्वी वाचलेलाच नव्हता. म्हणून त्याच्याविरुद्ध तयार प्रतिपिंडे फारच थोड्या लोकांपाशी होती.

'फारच थोड्या' असे मी जपून म्हटले आहे. या विषाणूच्या पृष्ठभागावर दोन महत्त्वाची प्रथिने असतात: हिमॅग्लुटिनिन, ज्याच्या योगे तो पेशीस चिकटतो, आणि न्यूरामिनिडेज, ज्याच्या योगे नवे विषाणू पेशीपासून सुटून बाहेर पडतात; या विषाणूच्या एच१एन१ या नावातील अक्षरे त्यांचीच. १९१८ च्या महासाथीचा विषाणू एच१एन१ याच गोत्राचा होता व त्याचे वंशज १९५७ पर्यंत माणसांत फिरत राहिले होते. त्या काळी लहानाचे मोठे झालेल्यांना या गोत्राची जुनी ओळख होती. एरवी फ्ल्यूने वृद्ध दगावतात, परंतु २००९ साली म्हाताऱ्यांना तुलनेने बरेच अभय मिळाले आणि रोगाचा भार मुलांवर व तरुणांवर पडला, या विपरीत प्रकाराचे एक मुख्य कारण हेच.

एकाचे दीड

आता शहरातील प्रसाराचा हिशेब मांडू. त्या साथीच्या आरंभीच्या अभ्यासांतून असे अनुमान निघाले, की एक रुग्ण सरासरीने दीड माणसास रोग देतो, आणि एका रुग्णापासून पुढच्या रुग्णापर्यंत पोहोचण्यास या रोगाला सुमारे तीन दिवस लागतात. दीड हा आकडा दिसण्यात गरीब आहे. पण महिन्याभरात अशा दहा पिढ्या होतात आणि दीडचा दहा वेळा गुणाकार केला की जवळजवळ अठ्ठावन्न येतात. दोन महिन्यांत वीस पिढ्या होतात व विसाव्या पिढीतील नवे रुग्ण, एका रुग्णामागे, तीन हजार तीनशेंवर जातात. एप्रिल-मेपासून विमानतळांवर प्रवाशांची तपासणी चालू असून, आणि १६ मे रोजी हैदराबादेत देशातील पहिला रुग्ण निश्चित होऊनही, जूनअखेरपर्यंत सारे आटोक्यात भासत होते व जुलै उलटताच सारे हाताबाहेर गेल्यासारखे वाटले, त्याचे रहस्य या गुणाकारात आहे.

याच गणिताची दुसरी बाजू आशादायक आहे. काही उपायांनी दीडचा आकडा सव्वाच्याही किंचित खाली, म्हणजे एक पूर्णांक दोन दशांशावर आणता आला, तर विसाव्या पिढीत तीन हजारांऐवजी अवघे अडतीस रुग्ण निघतात. आणि माणसामाणसांतील संसर्गक्षम संपर्कांचा एक-तृतीयांश भाग जरी तोडता आला, तरी दीडाचा एक होऊन साथ जागच्या जागी खिळते. रोग सर्वस्वी थांबविणारा उपाय जवळ नसतानाही हात धुणे, खोकताना तोंडावर रुमाल धरणे, आजारी असता कामावर न जाणे असल्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर आरोग्याधिकारी हट्टाने भर देत राहतात तो यासाठीच. या विषाणूचे बाह्य आवरण स्निग्ध पदार्थाचे असल्यामुळे साध्या साबणाने ते विरघळते आणि विषाणू मरतो. साबण तिथे जे काम करतो त्यासाठी महाग जंतुनाशकाची गरज नाही. मुखपट्टीची गोष्ट थोडी निराळी. ऑगस्टात पुण्याच्या बाजारातून मुखपट्ट्या नाहीशा झाल्या व निरोगी माणसे रस्त्यातून तोंडे बांधून हिंडू लागली. परंतु ज्याच्या तोंडातून विषाणूमिश्रित तुषार बाहेर पडतात त्या रुग्णाने आणि त्याची शुश्रूषा करणाराने ती बांधणे हे त्याहून कितीतरी अधिक मोलाचे होते.

माग काढण्याचा काळ आणि त्याचा अंत

साथीच्या अगदी आरंभी प्रत्येक रुग्ण शोधून वेगळा काढण्याचे धोरण असते. त्याचा हेतू प्रसार कायमचा थांबविणे हा क्वचितच असतो. दवाखान्यांची तजवीज, औषधांचा साठा, कर्मचाऱ्यांचे शिक्षण यांसाठी काही आठवड्यांची मुदत मिळविणे हा त्याचा खरा उद्देश. शिवाय नवा रोग कोणास किती तीव्र होतो, हेही या पहिल्या रुग्णांवरूनच कळते, आणि ही माहिती नंतर कितीही खर्च केला तरी मिळत नाही.

पुण्याला या कामी एक भाग्य लाभले होते. १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे रूपांतर होऊन सिद्ध झालेली राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था याच शहरात, आणि या रोगाचे निश्चित निदान करू शकणाऱ्या देशातील मोजक्या प्रयोगशाळांत ती अग्रगण्य. रुग्णाच्या घशातून वा नाकातून कापसाच्या काडीने घेतलेला स्राव विशिष्ट द्रवाच्या नळीत घालून बर्फाच्या पेटीतून तेथे जाई. तेथे विषाणूच्या आनुवंशिक मजकुराचा एक ठरावीक तुकडा यंत्रात पुन्हा पुन्हा दुप्पट केला जातो. तीस आवर्तनांत एकाचे शंभर कोटींवर होतात, आणि मुळात एखाद-दुसरा कण असला तरी तो दृष्टोत्पत्तीस येतो. हीच आरटी-पीसीआर चाचणी. चाचणी उत्तम, पण नमुना घेणे, पोहोचविणे, तपासणे व दाखला परत येणे यांत, नमुन्यांचा ढीग पडला असता, दिवस-दोन दिवस सहज मोडत.

आणि इथेच माग काढणाराची हार ठरलेली असते. फ्ल्यूचा रुग्ण लक्षणे दिसू लागण्याच्या सुमारे एक दिवस आधीपासून इतरांस रोग देऊ लागतो, पुष्कळांना लक्षणे इतकी सौम्य असतात की ते वैद्याकडे जातच नाहीत, आणि तीन दिवसांत रोग पुढच्या पिढीत जाऊन बसतो. दाखला हाती येईतो आरोग्य निरीक्षक ज्याच्या दारी पोहोचतो, त्याच्याकडून रोग घेतलेला मनुष्य केव्हाच दुसऱ्या पेठेत शिंकत असतो. देवी रोगाशी तुलना केली तर हे अधिक स्पष्ट होईल. देवीचा रुग्ण अंगावरील फोडांवरून कुणालाही ओळखू येई, फोड येण्यापूर्वी तो सहसा रोग देत नसे, आणि संसर्गापासून लक्षणांपर्यंत बारा-एक दिवस जात. तेवढ्या अवधीत भोवतालच्या सर्वांना टोचून रोगाची कोंडी करता येई. याच रीतीने भारतातून १९७५ साली देवीचे उच्चाटन झाले. फ्ल्यू असा अवसर देत नाही, आणि कितीही दक्ष महानगरपालिका असली तरी या बाबतीत तिचा इलाज चालत नाही.

जुलैत पुण्याच्या शाळांतून व पाचगणीच्या निवासी शाळेतून रोग आढळू लागला, आणि ज्यांचा परदेशप्रवासाशी काडीचा संबंध नाही अशी मुले आजारी पडू लागली, तेव्हाच खरे तर माग काढण्याचा काळ संपला होता. ३ ऑगस्ट रोजी पुण्यातील चौदा वर्षांची एक शाळकरी मुलगी दगावली. या रोगाचा देशातील तो पहिला नोंदलेला मृत्यू. त्यानंतर जे झाले ते पुणेकरांना ठाऊक आहे. नायडू रुग्णालयापुढे हजारोंच्या रांगा लागल्या. त्या रांगांत साधे पडसे झालेले, काहीच न झालेले पण घाबरलेले, आणि खरोखरीचे फ्ल्यूग्रस्त असे सारे खांद्यास खांदा लावून तासन्तास उभे होते. म्हणजे ज्याला रोग नव्हता त्याला तो मिळण्याची उत्तम सोय तपासणीच्या दारातच झाली होती. दुसरीकडे प्रयोगशाळेत सौम्य आजाऱ्यांच्या नमुन्यांखाली अत्यवस्थ रुग्णांचे नमुने दबून राहण्याचा धोका होता. अशा वेळी सरसकट तपासणीचा आग्रह धरणे म्हणजे मरणाराचा वेळ आपोआप बरे होणाराला देणे होय.

निवडा-निवड

तेव्हा ऑगस्टमध्ये धोरणाचे लक्ष्यच बदलले. प्रसार रोखण्याऐवजी मृत्यू टाळणे हे साध्य ठरले, आणि केंद्र शासनाने रुग्णांची लक्षणांवरून वर्गवारी करण्याच्या सूचना दिल्या. या वर्गवारीमागील तर्क औषधाच्या कार्यपद्धतीत आहे. ऑसेल्टामिवीर, म्हणजे टॅमिफ्लू या नावाने गाजलेले औषध, वर सांगितलेल्या न्यूरामिनिडेजला जखडून टाकते व नवे विषाणू पेशीबाहेर पडू देत नाही. जे आधीच बाहेर पडून फुप्फुसांत पसरले त्यांचे ते काही करू शकत नाही. म्हणून लक्षणे दिसल्यापासून अठ्ठेचाळीस तासांच्या आत ते सुरू झाले तर त्याचा गुण सर्वांत चांगला. जो रुग्ण धोक्यात आहे त्याच्या बाबतीत दाखल्याची वाट पाहणे म्हणजे औषधाची मुदत दवडणे. आणि ज्याचा आजार पाच-सात दिवसांत स्वतःहून ओसरणार, त्याला औषध दिल्याने त्याचा लाभ अल्प, पण सर्वत्र मोकाट वापर झाल्यास औषधाला दाद न देणारे विषाणू निपजण्याची भीती मोठी. सुरुवातीस हे औषध औषधविक्रेत्यांकडे न ठेवता शासकीय केंद्रांतूनच देण्याचा निर्णय झाला होता तो या भीतीमुळेच; तो योग्य होता असे मला वाटते, मात्र केंद्रे त्या मानाने अधिक व घराजवळ हवी होती.

चौकट : कोणी काय करावे?
अ वर्ग : सौम्य ताप, खोकला, घसा दुखणे, अंगदुखी. तपासणी नाही, टॅमिफ्लू नाही. घरी वेगळे राहून विश्रांती; चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांनी पुन्हा प्रकृती पाहणे.
ब वर्ग : तीव्र ताप व घशाची तीव्र वेदना, अथवा सौम्य लक्षणे असली तरी रुग्ण लहान मूल, गर्भवती स्त्री, पासष्टीपुढील वृद्ध, किंवा दमा, मधुमेह, हृदय-मूत्रपिंडाचे विकार असलेला असणे. तपासणीवाचून घरीच, वैद्याच्या सल्ल्याने टॅमिफ्लू.
क वर्ग : धाप लागणे, छातीत दुखणे, ग्लानी, रक्तदाब उतरणे, थुंकीतून रक्त, नखे निळसर होणे, मुलांत खाणे-पिणे सोडणे. तत्काळ रुग्णालय, नमुना घ्यावा, पण दाखल्याची वाट न पाहता औषध सुरू करावे.

ही वर्गवारी कोणाही खासगी वैद्यास आपल्या दवाखान्यात बसून करता येते, हा तिचा सर्वांत मोठा गुण. तोवर साथीचा सारा जिम्मा सरकारी रुग्णालयांवर होता आणि गल्लीतील डॉक्टर रुग्णाला नायडूची वाट दाखवून मोकळा होत होता. तो या व्यवस्थेत सामील झाल्यावर आणि महानगरपालिकेच्या ठिकठिकाणच्या दवाखान्यांतून तपासणी केंद्रे सुरू झाल्यावर रांगा विरळ होऊ लागल्या.

शाळा, चित्रगृहे आणि १८९७ चा कायदा

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात शाळा-महाविद्यालये आठवडाभर आणि चित्रपटगृहे तीन दिवस बंद ठेवण्यात आली. शाळेच्या बाबतीत हा उपाय शास्त्रास धरून होता. मुले एकमेकांच्या अंगाशी अंग लावून बसतात, त्यांच्यात प्रतिपिंडे नसतात, त्यांच्या शरीरातून विषाणू मोठ्यांपेक्षा अधिक दिवस बाहेर पडतात, आणि संध्याकाळी तो प्रसाद घेऊन ती घरोघर परततात. संसर्ग ते लक्षणे हा काळ एक ते चार दिवसांचा असल्यामुळे आठवडाभराच्या सुटीत रोगाच्या दोन पिढ्यांना तरी खीळ बसते. तीन दिवसांच्या चित्रगृहबंदीने विषाणूची एखादी पिढीच काय ती अडली असेल. ती बंदी विषाणूपेक्षा लोकांना उद्देशून होती. शासन जागे आहे हे दिसणे साथीच्या काळी निरर्थक नसते, परंतु दिखाऊ उपाय कोणता व परिणामकारक कोणता याचा विवेक निदान कचेरीत बसलेल्यांना तरी हवा.

या बंदीस आधार म्हणून साथरोगांचा जो कायदा पुण्यात लागू करण्यात आला, तो १८९७ च्या फेब्रुवारीतला, अवघ्या चार कलमांचा, प्लेगच्या धास्तीने घाईघाईत केलेला. त्याच वर्षी याच शहरात रँडसाहेबाच्या प्लेग कमिटीने गोऱ्या सोल्जरांकरवी घरे झडतीस घातली, लोक रुग्णांना माळ्यांवर व परसात दडवू लागले, आणि २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडसाहेबावर गोळी झाडली जाऊन त्याचा जो शेवट झाला तो सर्वश्रुत आहे. सक्तीने रुग्ण सापडत नाहीत, लपतात; आणि लपलेला रुग्ण हा मोजलेल्या दहांहून अधिक धोक्याचा असतो. २००९ साली त्या कायद्याचा अंमल बव्हंशी जाहीरनामे काढण्यापुरता झाला, हे सुदैवच.

१९१८ ची इन्फ्लुएंझाची महासाथ, म्हणजे मानमोडी, तर याच्या उलट टोकाची. १० जून १९१८ रोजी मुंबईत पोलीस खात्याचे सात शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले, त्यांतील एक गोदीवर नेमणुकीस होता. आणि ६ ऑक्टोबर रोजी त्या एका शहरात एका दिवसात ७६८ मृत्यूंची नोंद झाली. इन्फ्लुएंझाचा मानवी विषाणू ओळखला गेला तो १९३३ साली, तेव्हा तत्कालीन आरोग्याधिकाऱ्यांपाशी निदान नव्हते, औषध नव्हते, आणि पाऊस दगा देऊन गेल्यामुळे धान्यही नव्हते. सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांच्या स्वयंसेवकांनी चाळींतून फिरून जी शुश्रूषा केली, तीच काय ती मदत. देशभरात सव्वा ते दोन कोटींच्या दरम्यान माणसे गेली असे अंदाज आहेत. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली.

लस येते ती उशिरा

नव्या विषाणूची लस बहुधा कोंबडीच्या अंड्यांत विषाणू वाढवून करतात, आणि योग्य वाण निवडण्यापासून कुपी भरण्यापर्यंत पाच-सहा महिने सहज जातात. जागतिक आरोग्य संघटनेने ११ जून २००९ रोजी महासाथ जाहीर केली. भारतीय बनावटीची पहिली लस बाजारात आली ती २०१० च्या जूनमध्ये, आणि पाठोपाठ जुलैत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची नाकात फवारण्याची लस. १० ऑगस्ट २०१० रोजी महासाथ संपल्याचे घोषित झाले. पहिली लाट लसीवाचूनच काढावी लागते, म्हणून तर वरच्या साऱ्या उपायांचे महत्त्व.

महासाथ संपली तरी विषाणू गेला नाही. तो ऋतुमानाचा पाहुणा होऊन राहिला, आणि २०१५ साली देशात चाळीस हजारांहून अधिक रुग्ण व सुमारे तीन हजार मृत्यू त्याच्या नावे नोंदले गेले. लसीतील घटक वर्षातून दोनदा ठरतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी. नकाशावर आपण उत्तरेचे. परंतु उत्तरेची लस हाती येईपर्यंत ऑगस्ट-सप्टेंबर उजाडतो, आणि महाराष्ट्रात फ्ल्यूचा एक मोठा जोर असतो तो पावसाळ्यातच. यास्तव दक्षिण गोलार्धासाठी बनलेली लस एप्रिल-मेमध्ये देणे आपल्या भागास अधिक सोयीचे पडते. प्रतिपिंडे पुरेशी तयार व्हावयास दोन आठवडे लागत असल्यामुळे गर्भवती स्त्रिया, मधुमेही, दमेकरी आणि रुग्णालयांतील सेवकवर्ग यांना ती मेअखेरपर्यंत टोचून झालेली बरी.